माळावरचा कारखाना

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले आणि कुंचला खाली ठेवावा लागला. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास मात्र रंगांची गरज नसते. ती विद्या आत्मसात करून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्या मानी पुरुषाने नोकरी सोडली व बेळगावी थोरले बंधू रामुअण्णा यांच्या सायकलींच्या दुकानात ते येऊन मिळाले.

तेथे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व पाठोपाठ लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला हसू नये. ज्याचे वर्षाचे अन्न एका पिकावर अवलंबून, त्याने नव्या अवजाराची परीक्षा आपल्याच शेतात का होऊ द्यावी? पहिले ४० नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. तेवढा काळ घातलेला पैसा अडकून पडला. तरी लक्ष्मणरावांनी नांगर करणे सोडले नाही.

इतक्यात नगरपालिकेच्या नव्या योजनेमुळे कारखान्याची जागाच सोडण्याची वेळ आली. त्या सुमारास ते औंध येथील सभामंडपाच्या बांधकामात गुंतले होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार व मोठे गुणग्राहक. त्यांनी कुंडल स्टेशनाजवळची जमीन देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. परिचय व विश्वास हेच त्या कर्जाचे खरे तारण होते.

१९१० साली मंडळी त्या ३२ एकर माळावर आली. चहूकडे निवडुंग व साप! शंभुराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब, तर रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था. या वसाहतीस पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात लोखंड व दगडी कोळसा दुर्मिळ झाला, तेव्हा भट्टीत लाकडी कोळसा वापरण्यात आला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तर पन्हाळ्यावरील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या.

१९२० साली या व्यवसायाची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी, गिऱ्हाइकांशी संबंध राहावा म्हणून, ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले, तोवर नांगरांच्या जोडीला पाण्याचे पंप व तेलावरची इंजिनेही किर्लोस्करांच्या नावाने गावोगावी पोहोचली होती.