एकटा निघालेला भिक्खू : ह्युएनत्संग



आषाढी जवळ आली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, दिंड्या दिसू लागतात. अशा वेळी धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली एखादी म्हातारी आजी विचारते, पंढरीची वारी सोडली, सैलानीची यात्रा सोडली, मग आता आपण पायी जावे तरी कोठे? तिला हसू नका. तिचा प्रश्न खरा आहे. तिच्याजवळ बसा आणि तिला ह्युएनत्संगाची हकीकत सांगा.

हा भिक्खू इ. स. ६०२ च्या सुमारास चीन देशात जन्मला. चार भावांत धाकटा. थोरला भाऊ भिक्खू होता, त्याच्यामागे हाही लहानपणीच विहारात गेला. तेथे त्याच्या मनाला एक टोचणी लागली. धम्मग्रंथांच्या चिनी भाषांतरांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता आणि एक आचार्य सांगे ते दुसऱ्याला मान्य नसे. मग खरे काय? मूळ ग्रंथ भारतात होते. तेथे जाऊन विचारावे, असे त्याने ठरविले. नवस फेडायला किंवा पुण्य गाठीला बांधायला तो निघाला नव्हता, एवढे आजीला नीट समजावून सांगा.

बादशहाने देशाबाहेर जाण्यास मनाई केली होती. तरी ६२९ च्या सुमारास तो गुपचूप निघाला. दिवसा लपावे, रात्री चालावे. एका परदेशी तरुणाने त्याच्याकडून पंचशील घेतले आणि वाट दाखवायचे कबूल केले. पण मध्यरात्री तोच तरुण तलवार उपसून त्याच्याकडे येऊ लागला! भिक्खू उठून बसला, स्मरण करू लागला, तेव्हा तो मागे फिरला आणि पुढे त्याने साथही सोडली. पंचशील तोंडाने घेणे आणि पाळणे यांत किती अंतर असते, ते आपणही आपल्या वस्तीत पाहतोच.

आता तो अगदी एकटा. सोबतीला एक म्हातारा, रोडका तांबडा घोडा. सरहद्दीवरच्या बुरुजाजवळ पाणी भरताना पहारेकऱ्यांचे बाण अंगावर आले. त्यातून सुटला तो वाळवंटात शिरला, आणि तेथे पाण्याची पखाल हातातून निसटून सगळे पाणी वाळूत गेले. तो परत फिरला. कोस-दीड कोस मागे आलाही. मग भारतात पोहोचेपर्यंत पूर्वेकडे एक पाऊलही टाकणार नाही, हा आपला संकल्प त्याला आठवला आणि त्याने पुन्हा तोंड पश्चिमेला वळविले. चार रात्री, पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्या म्हाताऱ्या घोड्यानेच वाट सोडून त्याला हिरवळीवर, पाण्याच्या डोहापाशी नेले. तो घोडा त्या वाटेने पूर्वी अनेकदा गेलेला होता.

सारी वाट तो एकटाच चालला, असे मात्र समजू नका. पुढे तुर्फानच्या राजाने त्याला आपल्याकडेच ठेवून घेण्याचा हट्ट धरला. भिक्खूने अन्न सोडले, तेव्हा राजा नमला आणि माणसे, घोडे, पत्रे देऊन त्याने त्याची रवानगी केली. पुढच्या बर्फाच्या डोंगरात सोबतीची कित्येक माणसे गारठून मेली. बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्ती त्याने पाहिल्या. २००१ साली तालिबानने उडवून दिल्या, त्याच त्या. हिंदुकुश ओलांडून काश्मीर आणि तेथून नालंदा. तेथे वृद्ध आचार्य शीलभद्रांच्या पायाशी बसून तो अनेक वर्षे शिकला.

६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. दुसऱ्या पुलकेशीचा तो काळ. येथे शंभरावर विहार व सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे त्याने नोंदविले आहे. येथील लोक मानी, उपकार न विसरणारे आणि सूड घेण्यापूर्वी शत्रूला सांगून येणारे, असेही तो लिहितो.

त्याने आणखी एक गोष्ट लिहिली, ती आपल्यासाठी फार मोलाची आहे. खाटीक, कोळी, फाशी देणारे, मैला साफ करणारे अशा लोकांना गावाबाहेर राहावे लागे, त्यांच्या घरांवर खूण असे आणि रस्त्याने जाताना त्यांना डाव्या बाजूने अंग चोरून चालावे लागे. अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात, अस्पृश्यता केव्हा सुरू झाली याचा शोध घेताना बाबासाहेबांनी फाहियान आणि ह्युएनत्संग यांची प्रवासवर्णने साक्षीला घेतली. परक्या देशाच्या भिक्खूने जे पाहून लिहिले, ते तेराशे वर्षांनी आपल्या बाजूने पुरावा म्हणून उभे राहिले. त्याच्या वर्णनांत चमत्कारही पुष्कळ आहेत. ते वाचताना बाबासाहेबांनी शिकविलेली बुद्धीची कसोटी हातातून सोडू नका.

६४५ मध्ये तो चीनला परतला तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. मनाई मोडून गेलेल्या या माणसाचे बादशहाने स्वागत केले. पुढची एकोणीस वर्षे, ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो भाषांतरच करीत राहिला. भारतातून धम्म नाहीसा झाला, विहार मातीखाली गेले, गावांची नावेही बदलली. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमसाहेबांनी नालंदा, श्रावस्ती शोधून काढली, ती याच भिक्खूने लिहिलेल्या दिशा आणि अंतरांच्या आधाराने. आज आपण बसगाड्या करून तेथे जातो.

आणि आजीसाठी जवळची वाट हवी असेल तर तीही आहे. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील डोंगरात, अंधाऱ्या दरीत कोरलेल्या एका विहाराचे वर्णन त्याने केले आहे. ते अजिंठ्याचे, असे विद्वान मानतात. त्याने सांगितलेली सत्तर फुटी मूर्ती तेथे नाही, म्हणून तो स्वतः गेला की कोणाकडून ऐकून त्याने लिहिले, यावर वाद आहे. पण दाराशी डाव्या-उजव्या बाजूंना दगडी हत्ती असल्याचे तो लिहितो, आणि सोळाव्या लेण्याच्या खालच्या दाराशी दोन हत्ती आजही आहेत. बुलढाणा ज्या डोंगरावर वसले आहे, पैनगंगा ज्या डोंगरात उगम पावते, त्याच रांगेत पश्चिमेला ती लेणी आहेत. आजीला घेऊन जा. पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा ऊन चढण्याआधी पोहोचा.