पंडित म्हाइंभट : वादजयाकडून लीळासंग्रहाकडे

सराळे येथील पंडित म्हाइंभट हे प्रभाकर मीमांसेचे व्युत्पन्न विद्वान होते. गणपती आपयो यांच्यापाशी त्यांचे अध्ययन झाले होते. विद्येचे फळ त्यांना सभेत हातोहात मिळे. प्रतिपक्षास निरुत्तर करावे आणि जयाचा आनंद तेथल्या तेथे भोगावा! परंतु तो आनंद सभा उठेपर्यंतच टिकतो. उद्या त्याला नवा प्रतिपक्षी लागतो.

अशाच विद्याभिमानाने ते सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करावयास आले. तेथे त्यांचा तर्क खुंटला. हार एका बैठकीत झाली. मात्र जिंकण्याची जुनी सवय सुटून तिच्या जागी नवी रुजावयास दीर्घकाळ जावा लागतो. म्हाइंभटांचे उत्तरायुष्य हे त्या रुजण्याचेच चरित्र होय.

इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. विरहाकुल भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. आचार्य श्रीनागदेव एकांती सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत असत. ते पाहून म्हाइंभटांनी विनविले की, या लीळा आपण सांगाव्या, म्हणजे त्या लिहून ठेविता येतील. आचार्यांनी अनुमोदन दिले आणि वाजेश्वरीच्या स्थानी लेखन चालू झाले.

पुढे ज्या ज्या भक्ताला जी लीळा ठाऊक होती, त्याच्यापाशी जाऊन ते ती विचारून घेऊ लागले. सांगणारा विद्वान असो की निरक्षर, पुरुष असो की स्त्री, ज्याने प्रसंग अनुभवला त्याचा शब्द प्रमाण. दुसऱ्याचे तोंड बंद करण्यात ज्यांनी धन्यता मानली, ते आता दुसऱ्याने बोलावे म्हणून तिष्ठत बसत. पांडित्य मिरविण्याचा मोह क्षणोक्षणी आवरावा लागला असेल. तथापि ग्रंथ त्यांनी साध्या मराठी गद्यात सिद्ध केला. स्वतःच्या विद्याभिमानाची कथाही त्यांनी त्यातून वगळली नाही. इ. स. १२७८ च्या सुमारास झालेला हा ‘लीळाचरित्र’ ग्रंथ मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणून मान्यता पावला. पुढे श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनी याच पद्धतीने संग्रहित केले.

या परिश्रमाची खरी कसोटी पुढेच लागली. चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. पोथीवरच सारी भिस्त असती, तर तेथेच सर्व संपले असते. परंतु हिराइसांसारख्या साधकांना नित्य पठणाने लीळा मुखोद्गत झाल्या होत्या. त्या स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा राहिला.

वादात मिळविलेला एकही जय आज कोणाच्या स्मरणात नाही. दिवसेंदिवस विचारून, ऐकून जे लिहिले, त्याचे पारायण सातशे वर्षांनंतरही चालू आहे. नित्यपाठास बसताना ज्या साधकाला फळ तत्काळ दिसत नाही, त्याने म्हाइंभटांचे हे उत्तरायुष्य आठवावे.