खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे

दरवर्षी १५ सप्टेंबरला यवतमाळ, पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अभियंता दिन साजरा होतो. म्हैसुरी पगडी घातलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणे होतात. अलीकडे मुलांच्या घोळक्यात चर्चा मात्र वेगळीच असते. सौर किंवा पवन ऊर्जेत नोकरी धरावी, तर तिथलेही काम एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता गिळून टाकणार का? तसबिरीतल्या माणसाचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच माणसाचे एक काम यंत्राच्या स्वाधीन केले होते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा, साल १८६० (काही नोंदींत १८६१). वडील संस्कृतचे पंडित, घरची गरिबी, त्यातच वडिलांचे छत्र लवकर हरपले. बंगळुरूला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून ते १८८१ मध्ये बी.ए. झाले. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो ते हेच. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या अंतिम परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. पुढची २४ वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याची चाकरी केली. कर्नाटकाचे म्हणून ओळखले जाणारे हे अभियंते घडले ते असे नाशिक, धुळे आणि पुण्यात.

धुळे भागात पांझरा नदीवर दातर्तीजवळ पाटाचे पाणी नळातून नदीपार नेण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. ऐन पावसाळ्यात नदीला पूर येऊ लागला, तेव्हा काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते आवडले नाही. तरुण अभियंत्याने विनंती मागे घेतली, पुरातच तळ ठोकला आणि काम पुरे केले. पुढे आयुष्यभर ते पाण्याच्या मागेच राहिले.

डॉक्टरी नजरेने पाहिले तर त्यांचे सर्वांत मोलाचे काम सिंधमधल्या सक्करचे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सिंधू नदी दाराशी, पण पाणी गढूळ. गाळण्यासाठी वाळूचे मोठे हौद बांधावेत तर नगरपालिकेकडे पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूच्या थरांतून झिरपून आलेले पाणी त्या विहिरीत जमू लागले आणि तेच पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवले. १८९५ मध्ये ही योजना पुरी झाली. त्याच्या तीनच वर्षे आधी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांहून अधिक माणसे मेली होती. शेजारचे अल्टोना शहर त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून पीत होते, म्हणून ते बरेचसे वाचले. प्रतिजैविके यायला अजून अर्धे शतक होते. त्या काळात पाणी गाळणारा अभियंता कोणत्याही डॉक्टरपेक्षा जास्त जीव वाचवत होता, हे डॉक्टरांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे. (वाळूतून झिरपलेले पाणी फ्लोराइडपासून मात्र मुक्त होत नाही. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी, घाटंजीकडच्या लोकांना ते वेगळे सांगायला नको.)

मग पुणे. खडकवासल्याचे धरण १८७० च्या दशकातले. पावसाळ्यात ते भरून वाहायचे आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडायचे. भिंत उंच करावी तर खर्च मोठा आणि जुन्या बांधकामावर ताण. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवून पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढवली. दरवाजे बसवणे ही काही नवी गोष्ट नव्हती. नवे होते ते दरवाजे चालवण्याचे तंत्र. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की ते बाजूच्या हौदात शिरायचे, तिथे टांगलेल्या वजनाचा तोल बदलायचा आणि दरवाजे आपोआप उघडायचे. पातळी उतरली की मिटायचे. मध्यरात्री मुसळधार पावसात कंदील घेऊन धरणावर धावत जाणारा माणूस नको, त्याला झोप लागली तर काय ही चिंता नको. साल होते १९०३. त्याचे पेटंट त्यांनी घेतले, पण सरकारी नोकरीत असताना केलेले काम म्हणून मोबदला घेतला नाही. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावरही असेच दरवाजे बसले.

एआय म्हणजे हा हौदच, फक्त फार मोठा. हौदाला एकच गोष्ट कळायची, पाण्याची पातळी. आजच्या संगणकाला ढग, वारा, तापमान, गेल्या कित्येक वर्षांची वीजनिर्मिती आणि मागणी हे सगळे एकदम कळते. महाराष्ट्रात पवन आणि सौर प्रकल्पांना आपण किती वीज देणार याचा अंदाज आधी कळवावा लागतो. त्यासाठी दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे केलेले असतात आणि चुकले तर दंड बसतो. वीज किती आली, किती गेली याचा मेळ ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात घातला जातो. २०१९ मध्ये गुगलच्या एका कंपनीने अमेरिकेतल्या ७०० मेगावॉटच्या पवनचक्क्यांचे उत्पादन ३६ तास आधी वर्तवून दाखवले. तक्ते भरून अंदाज बांधणाऱ्या अभियंत्याचे ते काम कंदीलवाल्याच्या वाटेने जाणार, यात शंका घ्यायला जागा नाही.

विश्वेश्वरय्यांचे पुण्याच्या काळातले दुसरे काम कोणत्याही हौदाला करता आले नसते. नीरा कालव्यावर पाणी हवे तसे उचलले जात होते. कालव्यालगतचे बागायतदार उसाला भरमसाट पाणी देत, शेपटाकडच्यांना थेंब मिळत नसे. शिवाय जास्तीच्या पाण्याने जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या होत्या, आणि साचलेल्या पाण्यावर डास हे आलेच. त्यांनी गट पद्धत आणली. पाणी गावातल्या ठराविक गटांना द्यायचे, गटाचे तीन भाग करायचे, एकात ऊस, एकात भात, एकात कमी पाण्याची पिके, आणि भाग आळीपाळीने बदलायचे. उसवाल्यांनी विरोध केला, वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. विश्वेश्वरय्या शेतकऱ्यांपुढे जाऊन बोलले, समजूत घातली, काही गोष्टी सोडल्या, काही धरून ठेवल्या. पाण्याची पाळी कोणाची, हा प्रश्न गणिताने सुटत नाही. त्याला माणसांत जाऊन बसावे लागते.

विदर्भात हा प्रश्न आज विजेच्या रूपाने उभा आहे. शेतीला वीज पाळीने मिळते आणि पुष्कळदा ती पाळी रात्रीची असते. हिवाळ्यात हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायला माणूस रात्री दोनला शेतात जातो. अंधारात पायाखाली साप येतो, ओल्या हाताने स्टार्टरला स्पर्श होतो. यवतमाळ जिल्ह्यात सौर पंप आणि सौर वाहिन्या येत आहेत त्यांचे खरे मोल इथे आहे. दिवसा ओलित झाले तर दवाखान्याच्या रात्रीच्या खाटा रिकाम्या राहतील. कोणत्या गावाची वाहिनी आधी घ्यायची, गायरानावर पॅनेल लावायला ग्रामसभा का अडते, पंप बंद पडल्यावर दुरुस्तीला किती दिवसांत माणूस यावा, हे ठरवण्यात ज्याला गम्य आहे त्या अभियंत्याला काम कमी पडणार नाही.

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्याची नोकरी सोडली. सर्वोच्च पदावर भारतीय माणूस बसू दिला जाणार नाही हे त्यांना दिसत होते. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला प्रलय आला, हजारो माणसे वाहून गेली आणि निजाम सरकारने त्यांना बोलावले. त्यांनी पावसाच्या नोंदी तपासल्या, वरच्या खोऱ्यातले तलाव मोजले. सातशेच्या वर तलाव निघाले, त्यांतले दोनशेहून जास्त फुटले होते. एक फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. नुसता पाऊस नव्हे, तर ही साखळी हैदराबादेवर कोसळली होती. त्यांच्या अहवालातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले आणि शहराला गटारयोजनाही मिळाली.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. शिवसमुद्रम इथे कावेरीच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. उन्हाळ्यात नदी आटली की वीज आटायची. सूर्य मावळला की सौर वीज जाते तोच हा दोष, जुन्या रूपात. कृष्णराजसागर धरण १९११ मध्ये सुरू झाले त्यामागे सिंचनाइतकेच हेही कारण होते. आज ज्याला ऊर्जा साठवण म्हणतात ती त्यांनी पाण्याच्या रूपात केली. मद्रास सरकारशी वाद झाले, कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेले. पुढे कालव्यांमागोमाग मंड्याच्या भागात मलेरियाही वाढला. धरणांची चरित्रे लिहिताना हे सहसा कोणी लिहीत नाही.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. भद्रावतीचा लोखंड कारखाना, म्हैसूर विद्यापीठ, बँक, साबण, चंदनतेल ही यादी शाळेच्या पुस्तकांत असते. दिवाणपद कसे गेले हे बहुधा नसते. मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून महाराजांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना ते पटले नाही, कारण नोकरी गुणांवरच मिळावी असे त्यांचे मत होते. ते पायउतार झाले. नीरेच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही, याचे कारण तो आळशी नसून कालवा तसा आहे, हे ज्यांना नेमके कळले होते त्यांना शाळेच्या बाबतीत ते कळू नये, याचे नवल वाटते. परीक्षेतले गुण ही त्यांची पातळी मोजण्याची पट्टी होती आणि तिच्यावर त्यांचा फार विश्वास होता.

नंतरची चार दशके ते लिहीत, फिरत, सल्ले देत राहिले. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला. नव्वदी ओलांडल्यावर बिहारमध्ये गंगेवरच्या मोकामा पुलाच्या जागेची पाहणी केली. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय मिताहार, चालणे आणि घड्याळाबरहुकूम दिनचर्येला दिले जाते. सवयी चांगल्याच होत्या. पण तशाच सवयींची कितीतरी माणसे पन्नाशीत गेली आणि त्यांच्यावर कोणी लेख लिहिले नाहीत, हेही लक्षात ठेवलेले बरे.

विश्वेश्वरय्या शंभरीत असताना, १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. काम पुरे व्हायच्या आतच त्यात पाणी साठले होते. ते सगळे पाणी खाली खडकवासल्यावर आले. विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवलेले ते धरण हा लोंढा पेलू शकले नाही, तेही फुटले आणि पुणे बुडाले. मुसीच्या खोऱ्यात त्यांनी तलावांची जी साखळी मोजली होती, तीच इथे दोन कड्यांची झाली. वरचे धरणच खाली येईल हे १९०३ च्या हौदाला कोणी सांगितलेले नव्हते. एप्रिल १९६२ मध्ये विश्वेश्वरय्या बंगळुरूला वारले.

खडकवासला पुन्हा बांधले गेले. आता पावसाळ्यात धरण भरत आले की वरच्या पानशेत, वरसगाव, टेमघर धरणांचा साठा आणि पावसाचा अंदाज पाहून किती क्युसेक विसर्ग करायचा हे जलसंपदा विभागाचा अभियंता ठरवतो. दरवाजे उचलण्याआधी मुठेकाठच्या वस्त्यांना कळवले जाते आणि भिडे पूल पाण्याखाली जाणार असला की तो बंद केला जातो.