खोटे न बोलणारे कुलूप

अनसिंगच्या आमच्या घराला गोदरेजचे कुलूप असे. पुढे बँकेत तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी सहकाऱ्याकडे. पण कुलूप घडवणाऱ्याची चौकशी मी कधी केली नव्हती.

आर्देशीर गोदरेज मुळात वकील. झांझिबारमध्ये अशिलासाठी असत्य मांडायचे नाही म्हणून वकिली सोडून परतले. मग शस्त्रक्रियेची हत्यारे केली. गिऱ्हाइकाला त्यांवर हिंदुस्थानचे नाव नको होते. आर्देशीरांनी तो धंदाच बंद केला. हट्टीच म्हणायचे! मुंबईत घरफोड्या वाढल्याचे वाचून, मेरवानजी कामांकडून पैसे घेऊन १८९७ साली त्यांनी लालबागला कुलपे घडवायला घेतली. उसनवारीवर तिसरा डाव मांडणाऱ्याला मी अधिकारी म्हणून कर्ज दिले असते का, कोण जाणे.

१९३६ साली ते वारले. अपत्य नव्हते, कारखाना धाकटे बंधू पिरोजशांनी सांभाळला.