जॉन कॉन्स्टेबल : जन्मभराचा विद्यार्थी

जॉन कॉन्स्टेबल यांचा जन्म १७७६ साली इंग्लंडमधील सफोक परगण्यात एका गिरणीमालकाच्या घरी झाला. १८२१ साली त्यांनी ‘द हे वेन’ हे विख्यात निसर्गचित्र प्रदर्शित केले. त्यानंतर हॅम्पस्टेड येथे वारा व ढग न्याहाळीत आकाशाचे अनेक अभ्यास तैलरंगात रंगविले. तरीही १८२३ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, सर जॉर्ज बोमाँट यांच्या कोलऑर्टन येथील घरी ते क्लॉद लोरँ यांच्या निसर्गचित्राची प्रत उतरवीत बसले. झाडीतून पाझरणारा प्रकाश व दूरवर विरत जाणारी हवा तैलरंगात कशी पकडावी, हे ते शिकत होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ‘द हे वेन’ला सुवर्णपदक मिळाले. क्लॉदकडून त्यांनी दृष्टी घेतली. चित्रांत मात्र सफोकचेच आकाश राहिले. म्हणून पालकांनी मुलांच्या हातची नक्कल पाहून खंतावू नये.