प्रथिनांचा नकाशाकार

प्रथिनांच्या त्रिमितीय रचना तपासण्याची कसोटी जगाला देणारे शास्त्रज्ञ गोपालसमुद्रम नारायणन रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्युत अभियांत्रिकीसाठी आलेले रामचंद्रन सी. व्ही. रामन यांच्या प्रभावाने भौतिकशास्त्राकडे वळले. केंब्रिजची पीएच.डी. घेऊन ते १९४९ मध्ये परतले आणि १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात विभागप्रमुख झाले.

तेथे त्यांनी कातडी व कंडरा यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेनचा अभ्यास हाती घेतला. शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने कांगारूच्या शेपटीतील कंडरा पुरवल्या. १९५४-५५ मध्ये गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी तीन पदरी सर्पिलाची रचना मांडली. फ्रान्सिस क्रिक व अलेक्झांडर रिच यांनी मात्र तीत काही अणू फार जवळ आल्याचा आक्षेप घेतला. अणू नेमके किती जवळ येऊ शकतात, हाच प्रश्न मग रामचंद्रन यांनी ऐरणीवर घेतला.

उपलब्ध स्फटिकरचनांतील अंतरे तपासून, सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी १९६३ मध्ये उत्तर दिले. प्रथिनाच्या साखळीतील दुवे 'फाय' आणि 'साय' या दोन कोनांतून वळतात. अणूंची टक्कर न होता या कोनांच्या कोणत्या जोड्या शक्य आहेत, हे दाखवणारा आलेख 'रामचंद्रन प्लॉट' म्हणून ओळखला जातो. त्या काळी संगणक दुर्मीळ होते आणि उलगडलेल्या प्रथिनरचना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

१९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे अवघ्या सात रचनांनिशी प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. पंचकार्डाच्या ८० रकान्यांत बसवलेल्या तिच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीत एक अणू आणि त्याचे स्थान सांगणारे तीन आकडे असत. प्रचंड रचनांना ही मांडणी अपुरी पडल्याने पुढे 'एमएमसीआयएफ' ही नवी मांडणी प्रमाण ठरली. २०२३ मध्ये या संग्रहाने दोन लाख रचनांचा टप्पा ओलांडला. फाइलची मांडणी बदलली, पण कसोटी तीच राहिली. दाखल होणाऱ्या प्रथिनरचनेच्या तपासणी अहवालात रामचंद्रन यांच्या नकाशाबाहेर पडणारे दुवे वेगळे दाखवले जातात. असा प्रत्येक दुवा चुकीचा नसतो. पण त्यांची संख्या वाढली, तर रचनेविषयी शंका निर्माण होते.

रामचंद्रन यांनी १९७१ मध्ये बंगळूरला रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारला. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९९९ मध्ये त्यांना इवाल्ड पारितोषिक मिळाले. नोबेलने मात्र हुलकावणी दिली. अखेरची वर्षे कंपवाताने ग्रासली. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. एका आक्षेपातून जन्मलेला त्यांचा नकाशा आज जगभरातील प्रथिनरचनांची पारख करतो आहे.