चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन

गुणपत्रकाची महती आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. परंतु गुण भरपूर असूनही केवळ वर्णामुळे लॉ कॉलेजाचे दार बंद राहावे, अशी स्थिती अमेरिकेत एके काळी होती. ते दार कायद्याच्याच बळावर उघडविणाऱ्या एका कृष्णवर्णीय वकिलाचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

चार्ल्स यांचा जन्म ३ सप्टेंबर १८९५ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. वडील वकील होते. १९१५ साली ॲमहर्स्ट कॉलेजातून ते सन्मानाने पदवीधर झाले. त्या वर्गात कृष्णवर्णीय असे ते एकटेच. पहिल्या महायुद्धात सैन्याधिकारी म्हणून ते फ्रान्सात गेले. तेथे स्वदेशीयांनीच केलेला अपमान त्यांस सोसावा लागला, आणि जिवंत परतल्यास कायदा शिकावयाचा असा त्यांनी निश्चय केला. हार्वर्ड येथे तो त्यांनी तडीस नेला व १९२३ साली कायद्याचे डॉक्टर झाले.

१९२९ पासून हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ कॉलेजाची सूत्रे त्यांच्या हाती आली. रात्रीचे वर्ग बंद करून त्यांनी पूर्ण दिवसाचे कॉलेज चालविले. शिस्त इतकी कडक, की पुष्कळ विद्यार्थी मधूनच गळत. (असे शिक्षक विद्यार्थिदशेत कोणास आवडतात?) जे टिकले त्यांत थर्गुड मार्शल हे होते.

१८९६ च्या एका निकालाने, समान सोय असल्यास कृष्णवर्णीयांस वेगळे ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली होती. ह्यूस्टन यांनी नेमके येथेच बोट ठेवले. मेरीलंड राज्यात कृष्णवर्णीयांसाठी लॉ कॉलेज मुळीच नव्हते. मग समानता कोठली? ॲमहर्स्टचाच पदवीधर डोनाल्ड मरे यास तेथील विद्यापीठाने प्रवेश नाकारला, तेव्हा गुरुशिष्यांनी मिळून दावा लढविला. १९३५ साली मरे यास प्रवेश मिळाला व १९३८ साली तो उत्तीर्णही झाला.

मिसूरी राज्याने निराळी युक्ती काढली. लॉईड गेन्स याने परराज्यात शिकावे, फीची तजवीज आम्ही करू, असे त्याचे म्हणणे. ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने १९३८ साली बंद केली. परंतु १९३९ च्या मार्चमध्ये गेन्स शिकागोतून नाहीसा झाला. त्याचा ठाव कधीच लागला नाही. जिंकलेल्या वर्गात तो बसलाच नाही.

अविश्रांत श्रमांनी ह्यूस्टन यांचे हृदय दुर्बळ झाले होते. २२ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ते वारले. त्याच महिन्याच्या आरंभी मार्शल यांनी टेक्सासच्या लॉ कॉलेजाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला होता. जूनमध्ये तोही जिंकला. तो निकाल ऐकावयास गुरू राहिले नव्हते.